अर्नाळ्याच्या बेटावर माघी पौर्णिमा

मागील अंकात नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यासंबंधी आलेल्या शंकांची उत्तरे पुढील अंकी देईन. या वेळी ठेवी, व्याज आणि वारसनोंद यांना विश्रांती देऊन एका सहलीची हकिकत सांगावयाची आहे. सहल एकट्याची होती आणि खरे सांगायचे तर थोडी लाजिरवाणीही होती. आजवर ती घराबाहेर कोणास सांगितली नव्हती.

प्रारंभ माझ्या पुतण्यापासून करावा लागेल. हा मुलगा नोकरीनिमित्त युरोपात असतो. एका जून महिन्यात तो नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर एकटाच फिरून आला. ही बेटे उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहेत. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य मावळतच नाही. पुतण्याची शेवटची बस चुकली आणि सारी रात्र त्याने लख्ख उजेडात एका बाकावर बसून काढली. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम तो परदेशातही पाळतो. "काका, तिथे रात्रच नाही, तेव्हा जेवायचे कधीपर्यंत?" असा त्याचा प्रश्न होता. मी त्याला गमतीने म्हटले, घरच्या घड्याळाप्रमाणे जेव. पण त्याने दाखविलेली चित्रे मनातून जाईनात. समुद्रातून सरळ उभे राहिलेले काळे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी कोळ्यांची लाल रंगाची लाकडी घरे, आणि त्या साऱ्यात आपला एक मुलगा, पाठीवर पिशवी घेऊन, कोणाचेही बोट न धरता.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. जो काही प्रवास केला तो रजा-सवलतीचा, सहकुटुंब, आरक्षित डब्यातून. निवृत्तीनंतर लक्षात आले की एकटा असा मी कोठे गेलोच नाही. लोफोटेन आपल्या आवाक्याबाहेरचे, परंतु उत्तरेचे एक बेट आचोळ्याहून जेमतेम दीड तासाच्या अंतरावर आहे. ते म्हणजे वसई तालुक्याच्या उत्तर टोकाला, वैतरणेच्या मुखाशी असलेले अर्नाळ्याचे बेट. आगाशीला श्री मुनिसुव्रत स्वामींच्या दर्शनाला आपण सारेच जातो, पेढीत पावती फाडतो, बाजारात सुकेळी घेतो आणि परत फिरतो. तेथून आणखी चारेक किलोमीटर पुढे समुद्र आहे आणि समुद्रात एक किल्ला आहे, हे ठाऊक असूनही पुढे जाणारे थोडेच.

३१ जानेवारी २०१८, बुधवार. माघी पौर्णिमा. त्या संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होते आणि चंद्र ग्रस्त स्थितीतच उगवणार होता. नातीला गच्चीवरून तो दाखविण्याचे मी कबूल केले होते. पाच वाजेपर्यंत परतू अशा हिशेबाने निघालो. निघताना सौभाग्यवतींना म्हणालो, "विरारला जाऊन येतो." हे असत्य नव्हते, कारण अर्नाळ्याला मी विरारवरूनच जाणार होतो. परंतु पुरते सत्यही नव्हते, आणि हे मला निघतानाच कळत होते. साठी उलटलेल्या माणसाने एकट्याने होडीत बसावयाचे म्हटल्यावर घरी काय होईल, त्या भीतीने जिभेने अर्धाच मार्ग सांगितला.

आगाशीस उतरून दर्शन घेतले, सुकेळीचे एक पुडके पिशवीत टाकले आणि साडेअकराच्या सुमारास अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो. वृत्तपत्रात भरतीची वेळ दुपारी बाराच्या आसपासची दिली होती. ती पाहूनच मी ही वेळ निवडली होती. भरलेल्या पाण्यात होडी थेट वाळूला लागेल, चिखल तुडवावा लागणार नाही, असा माझा विचार. तो जाताना बरोबर ठरला. बेटावर त्या वेळी उतरण्यास धक्का नव्हता. गुडघाभर पाण्यात उतरून चालावयाचे, एवढेच. चपला हातात, विजार वर दुमडलेली, आणि शेजारून डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळणी सहज चाललेल्या. एकीने "सांभाळून, शेठ" म्हटले. आयुष्यभर 'साहेब' ऐकलेल्या कानांना ते 'शेठ' जरा गमतीचे वाटले.

किल्ल्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. गुजरातच्या सुलतानांच्या अमलानंतर हे बेट पोर्तुगीजांकडे गेले आणि वैतरणेच्या खाडीतून होणाऱ्या ये-जा करणाऱ्या गलबतांवर येथून लक्ष राहू लागले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतले. वसईचा कोट पडला तो त्यानंतर, १७३९ मध्ये. पहिल्या बाजीरावांच्या आज्ञेने किल्ल्याची नव्याने बांधणी झाली, आणि तसा देवनागरी शिलालेख महादरवाजावर आजही आहे. दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. आत मला अपेक्षा होती पडक्या भिंतींची. भेटली ती हिरवीगार भाजीची शेती. तटाच्या आत वाफे, विहिरी, एक अष्टकोनी तळे आणि त्याच्या काठी त्र्यंबकेश्वराचे मंदिर. तटावरून फिरताना पश्चिमेला नुसता समुद्र आणि पूर्वेला, पाण्यापलीकडे, सुरूची बने व त्यामागे जीवदानीचा डोंगर दिसत होता. रोज लोकलमधून ज्या डोंगराकडे पाहावयाचे, तो असा पाठीमागे समुद्र घेऊन पाहिला तेव्हा ओळखूच आला नाही.

तेथे बसून एक विचार मनात आला. आचोळ्याच्या शेजारचे सोपारे हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन केले तेव्हा स्तूप सापडला. त्या बंदरातील व्यापाऱ्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक ठाऊक नसते तर त्याचा माल गाळातच राहिला असता. ही जाणीव त्या क्षणी मला सुचली, पण तिचा उपयोग करण्याचे सुचले नाही.

कारण पश्चिमेच्या खडकांवर मी वेळ विसरलो. पाणी जसजसे मागे हटत होते तसतसे नवे खडक वर येत होते, त्यांच्या खळग्यांत चिमुकले मासे, खेकडे, हिरवे शेवाळ. त्या शेवाळावरूनच पाय घसरला. डावा घोटा मुरगळला. फारसे काही नाही, पण लंगडत उताराच्या जागी येईपर्यंत पाच वाजून गेले होते. पाहतो तो समुद्र नाही!

दुपारी जेथे होडी डुलत होती तेथे ओली वाळू पसरली होती. होड्या कुशीवर कलंडलेल्या. मी भरतीची वेळ पाहिली होती. ओहोटीची पाहिली नव्हती. जमेची बाजू वाचून नावेची बाजू न वाचणारा खातेदार मी बँकेत शेकड्याने पाहिला आणि प्रत्येकाला ऐकविले. पौर्णिमा-अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर उधाण असते. त्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत चार ते पाच मीटरांचा फरक पडतो. शिवाय आदल्याच दिवशी चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूवर आला होता. नावाड्याने शांतपणे सांगितले, "आता पाणी चढेल तेव्हा. साडेसात, आठ."

साडेसात! नात पाच वाजल्यापासून गच्चीवर जाण्यासाठी अडून बसली असणार. दूर वाळूच्या पट्ट्यावर काही बायका शिंपल्या वेचीत होत्या. पलीकडचा किनारा हाकेच्या अंतरावर वाटत होता. मनाने झटकन हिशेब केला, बायका एवढ्या दूर चालत गेल्या आहेत, तर मधला प्रवाह तो केवढा असणार? पुढे काही मोठी होडी उभी असेल, तीत बसू. कोणास न विचारता मी निघालो. पन्नास-साठ पावले वाळू घट्ट होती. नंतरच्या पावलाला उजवा पाय पोटरीपर्यंत आत गेला. तो काढण्यासाठी डाव्यावर भार दिला, तर मुरगळलेला पाय गुडघ्यापर्यंत रुतला. जितका जोर करावा तितके खाली. पिशवी सुटली, खिशातील मोबाईल गाळात पडला. ओरडावे तर लाज वाटत होती. हे लिहितानाही नवल वाटते की त्या क्षणीसुद्धा लाज वाटत होती. लोकांसमोर पडलेले दिसू नये, एवढ्यासाठी माणूस किती खोल जाऊ शकतो!

मागून एका वृद्ध कोळणीचा खणखणीत आवाज आला, "बाबा, हलू नका! बसा खाली, बसा!" मी गाळातच बसलो. तिच्या हाकेसरशी दोन तरुण मुले एक फळी घेऊन धावली. फळी माझ्यापुढे टाकून, मला तिच्यावर पालथे घालून त्यांनी ओढून काढले. एक चप्पल तेथेच राहिली. मुले हसली नाहीत. त्यांतील एकजण म्हणाला, "काका, बाया जातात ती वाट वेगळी." एवढेच.

त्या आजींनी मला आपल्या अंगणाकडे नेले. भोवती बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. काही न बोलता त्यांनी चटई उचलली आणि वारा येतो त्या बाजूला, माडाखाली नेऊन अंथरली. पाय धुण्यास बादली दिली. पिण्याचे पाणी दिले तेव्हा मी सवयीने रुमाल काढला. तो चिखलाने भरलेला. आजी आत गेल्या आणि धुतलेले पांढरे फडके घेऊन आल्या, तांब्यावर बांधून म्हणाल्या, "घ्या, गाळून घ्या." घरात चूल नव्हती, ग्रहण सुटेपर्यंत त्या काही खाणार नव्हत्या. मी सूर्य मावळल्यावर खाणार नव्हतो. साडेसहाला सूर्य मावळणार, तेव्हा पिशवीतले सुकेळीचे पुडके काढून घाईने चार सुकेळी खाल्ल्या. आजी त्याकडे पाहून म्हणाल्या, "आगाशीच्या ना?"

त्यांच्या नातवाने आपला मोबाईल पुढे केला. आणि येथे छत्तीस वर्षांच्या बँकेने दगा दिला. जुन्या खातेदारांचे खातेक्रमांक मला अजून पाठ आहेत, पण पत्नीचा मोबाईल क्रमांक आठवेना. तो कधी पाठ करावाच लागला नव्हता. सुदैवाने घरचा जुना तारेचा दूरध्वनी अद्याप चालू होता. तो क्रमांक आठवला.

"अहो, किती वेळ? विरारला एवढे काय काम?"

"विरारच्या थोडा पुढे आहे," मी म्हणालो.

"किती पुढे?"

मग सारे सांगावे लागले. गाळाचा भाग सौम्य करून सांगितला, पण सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्या शांततेपेक्षा रागावणे परवडले असते. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, "सकाळी खरे सांगितले असते तर मी दुसरी चप्पल दिली असती. ती पट्ट्याची." नातीने दूरध्वनी हिसकावून घेतला आणि विचारले, "आजोबा, चंद्र आला का?"

चंद्र अजून आला नव्हता, किंवा आला असून दिसत नव्हता. पश्चिमेला सूर्य समुद्रात उतरला आणि पूर्वेला, जेथे चंद्र असावयास हवा, तेथे नुसता धुरकट जांभळा पट्टा. पंधरा-वीस मिनिटे काहीच नाही. मग अंधार दाटू लागला तसा जीवदानीच्या डोंगराच्या डाव्या अंगाला, थोडा वर, तांब्याच्या जुन्या परातीसारखा एक मंद गोल दिसू लागला. तेज नाही, चांदणे नाही. खाली ओल्या वाळूवर उरलेल्या पाण्यात त्याची ओळखही पडत नव्हती. मी पुन्हा घरी फोन लावला आणि नातीला सांगितले, तुंगारेश्वरच्या डोंगरांच्या डावीकडे शोध, लाल दिसेल. तिला सापडला. ती आचोळ्याच्या गच्चीवर आणि मी बेटावर, असे आम्ही पाच मिनिटे एकच चंद्र पाहिला. परक्याच्या मोबाईलवर त्याहून अधिक बोलणे बरे दिसले नाही.

पाऊण तासाने गोलाच्या कडेला पांढरी कोर फुटली आणि पाहता पाहता वाळूवर उजेड सरकू लागला. पाणीही त्याच्याबरोबरच आले, आवाज न करता, आधी खळग्यांतून आणि मग सपाट. कलंडलेली होडी हळूच सरळ झाली. आजींना मी काही पैसे देऊ केले. त्यांनी हात मागे घेतला. नावाड्याने ठरलेलेच भाडे घेतले, एक रुपया अधिक नाही. होडीत बसताना त्या फळीवाल्या मुलाने माझा दंड धरला. अनवाणी, चिखलाने वाळलेल्या विजारीसह मी रात्री साडेदहाला घरी पोहोचलो. नात झोपली होती.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता पुन्हा अर्नाळ्यास गेलो, अष्टमीला, म्हणजे उधाण नसताना. जुन्या जाणत्यांचा ठोकताळा आजींनीच शिकविला होता: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी, हे विसरू नये. सौभाग्यवतींनी आजींसाठी घरचा चिवडा आणि एक नवे पांढरे फडके नेले होते. दोघींचे बोलणे इतके रंगले की परतीची होडी चुकता चुकता राहिली.

आमच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत अष्टमी आणि चतुर्दशीला सौभाग्यवतींची लाल खूण पूर्वीपासून असते. आता तिच्या शेजारी निळ्या शाईने मी दोन वेळा लिहितो, एक भरतीची आणि एक ओहोटीची. त्याखाली त्यांनी आपला मोबाईल क्रमांक लिहून ठेवला आहे.