कंपनी कुठली?

शेजारच्या वहिनींच्या मुलीनं तीन मित्रमैत्रिणींबरोबर बँड काढलाय. आमच्या गोराईत बँड म्हटलं की लग्नाच्या मिरवणुकीतला आठवतो. हा तसला नव्हे. गिटार, ड्रम आणि गाणी स्वतःच लिहिलेली. गेल्या पावसाळ्यात या पोरांनी घरातच आठ गाण्यांचा आल्बम केला. भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद. खाडीपलीकडच्या स्टुडिओचं तासाचं भाडं परवडेना, आणि लाँचमधून ड्रम नेणार कोण?

तिनं मला गाणं ऐकवलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कंपनी कुठली?"

"मावशी, कंपनी नाही. आम्हीच."

"अस्सं!" म्हणून मी चहा टाकायला उठले. तिचा उतरलेला चेहरा मला नंतर आठवला.

पुढे एका ठिकाणी परीक्षण आलं. चार ओळींचं, आणि त्यात एक शब्द होता, 'घरगुती'. झालं! वडील म्हणाले, "फिटली ना हौस? आता बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर." गिटार माळ्यावर गेली.

मैत्रिणींनो, मला तो शब्द फार लागला. मसाला, लोणचं, पापड घरगुती असले की आपण चार पैसे जास्त देऊन घेतो. मग गाणं घरगुती असलं की ते हलकं कसं ठरतं?

गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांचंच बघा ना. मुंबईतल्या कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी शिवोलीच्या आपल्या घरात 'गोवन क्रेझी' हा आल्बम केला. साल 1984. हाताशी चार ट्रॅकचं कॅसेट रेकॉर्डर. म्हणजे एका पट्टीवर एक वाद्य, दुसरीवर दुसरं, मग आवाज, असं थरावर थर चढवत जायचं. वाद्यं त्यांनीच वाजवली, आवाजही त्यांचाच. कॅसेट तयार झाल्यावर स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. पुढे मोठ्या कंपन्यांनी त्यांचे आल्बम काढले आणि 2007 मध्ये पद्मश्रीही मिळाली.

अमेरिकेतल्या बिली आयलिशचा पहिला आल्बम कंपनीनंच बाजारात आणला, पण त्याचं बरंचसं काम झालं आईवडिलांच्या घरात, भावाच्या झोपायच्या खोलीत. 2020 मध्ये त्याला ग्रॅमीचा वर्षातल्या सर्वोत्तम आल्बमचा पुरस्कार मिळाला. तेव्हा ती अवघी 18 वर्षांची होती.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या बहिणाबाईंची गाणी जात्यावर आणि शेतातच तर झाली. त्या 1951 मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. कौतुक ऐकायला त्याच नव्हत्या.

म्हणून शेजारची मुलगी बहिणाबाई किंवा रेमो झाली, असं मी म्हणत नाही. घरी केलेलं सगळंच चांगलं असतं असंही नाही. आपलीही एखादी भाजी बिघडतेच की! पण भाजी बिघडली तर मीठ जास्त झालं म्हणावं, चूल घरची होती म्हणून नाक मुरडू नये.

मग मी तो आल्बम नीट, तीनदा ऐकला. दोन गाण्यांत ड्रमखाली शब्द दबलेत. परीक्षणातही ते म्हटलं होतं, आणि ते खरंच होतं. पण जेट्टीवर शेवटच्या लाँचची वाट बघणाऱ्या बायकांचं गाणं आहे ना, ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे दोन्ही मी तिला जाऊन सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, पूर्ण ऐकून कुणी बोललंच नव्हतं."

फॉर्म भरलाय तिनं. भरावाच, पोटापाण्याचं बघायला हवंच. पण गिटार माळ्यावरून खाली आलीय. दबलेली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड करायची आहेत म्हणे.

तुमच्याही घरात, आळीत असं एखादं पोर असेल. काही करून दाखवायला आलं, तर माझ्यासारखं "कंपनी कुठली?" विचारू नका. गॅस बंद करा, शेजारी बसा आणि शेवटपर्यंत ऐका. आवडलं ते सांगा, नाही आवडलं तेही सांगा. चहा नंतर ठेवला तरी चालेल.