पावसातला करंडक

गोल्फ या खेळाशी माझा संबंध तारेच्या कुंपणापलीकडूनचा. हिरवळीवरून सावकाश चाललेले साहेबलोक आणि त्यांच्यामागे काठ्यांची जड पिशवी वाहणारा एखादा पोरगा, एवढेच मी पाहिलेले. सव्वाचार इंचांच्या भोकात चेंडू घालण्यासाठी एवढी पायपीट कशाला, असे मला नेहमी वाटे. विटीदांडूत निदान राज्य तरी घ्यावे लागते!

म्हणूनच, यंदाच्या दिवाळी अंकासाठी मी गोल्फवर लिहितो आहे असे ऐकताच आमच्या सौभाग्यवती चकलीचा सोऱ्या खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्हांला त्यातलं काय कळतं?"

काहीच कळत नाही, वाचकहो! पण ही गोष्ट त्या साहेबाची नाही. मागून पिशवी वाहणाऱ्या पोराची आहे.

त्याचे नाव सेवसंकर सेवगोलम. इंग्रजी दप्तराने स्पेलिंगची चटणी केली असली, तरी आपल्या कानांना त्यात शिवशंकर ऐकू येतोच. घरचे लाडके नाव पापवा. १८६० साली उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत गेले. तिथे वसलेल्या हिंदी समाजात, डर्बन शहरी, १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा मुलगा जन्मला. घरी गरिबी, शाळेशी ओळख नाही. गोऱ्यांच्या मैदानावर तो कॅडी झाला, म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी वाहू लागला. आणि बघता बघता स्वतः खेळू लागला.

शिकवायला कोणी नव्हते, म्हणून त्याने काठी आपल्या मनाने धरली. उजव्या हाताचा खेळाडू काठी धरताना डावा हात वर आणि उजवा खाली ठेवतो. क्रिकेटची बॅटही आपण तशीच धरतो. पापवाचे बरोबर उलटे, डावा खाली आणि उजवा वर! कोणत्याही मास्तराने बोटांवर पट्टीच मारली असती. पण मास्तरच नसल्यामुळे ती पकड टिकली, आणि त्याच उलट्या हातांनी तो चेंडू सरळ मारू लागला.

ग्रॅहॅम वुल्फ नावाच्या एका गोऱ्या उद्योजकाने त्याचा खेळ पाहिला. हे गृहस्थ रसायनतज्ज्ञ; पुढे जगभर खपलेल्या 'ऑइल ऑफ ओले' या प्रसाधनाचे जनक. त्यांनी त्याला युरोपात नेले. १९५९ साली पापवाने डच ओपन स्पर्धा जिंकली. पुन्हा १९६० साली जिंकली आणि १९६४ साली तिसऱ्यांदा! हॉलंडात सन्मान झाला. मायदेशी मात्र वर्णभेदाचा कायदा होता. खेळायचे कुठे, राहायचे कुठे, बसायचे कोणत्या बाकावर, हे सारे कातडीच्या रंगावरून ठरत होते.

तरीही १९६३ साली त्याला नाताळ ओपनमध्ये खेळण्याची परवानगी मिळाली, आणि डर्बन कंट्री क्लबच्या मैदानावर गोऱ्या खेळाडूंना मागे टाकून तो पहिला आला. बक्षीस समारंभाच्या वेळी पावसाने गाठले. गोरी मंडळी क्लबच्या इमारतीत, छपराखाली. गोऱ्यांच्या त्या इमारतीत हिंदी माणसाने विजेता म्हणून पाऊल टाकणे मान्य नव्हते. तेव्हा विजेत्याला बाहेर, पावसात करंडक देण्यात आला!

ते छायाचित्र जगभर गेले. दक्षिण आफ्रिकेला खेळांतून दूर ठेवा, अशी मागणी करणाऱ्यांच्या हाती भाषणापेक्षा बोलका पुरावा आला. १९६५ साली पापवाने हीच स्पर्धा पुन्हा जिंकली, आणि या वेळी मागे टाकलेल्यांत साक्षात गॅरी प्लेअर होता. त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकणारा जगज्जेता! सरकारला हे झेपले नाही. पुढे गोऱ्यांबरोबरच्या स्पर्धा त्याला बंद झाल्या, पासपोर्ट काढून घेण्यात आला. ऐन बहरातले हात रिकामे राहिले. १९७८ साली, वयाची पन्नाशीही न गाठता, तो हृदयविकाराने गेला. १९९४ साली वर्णभेदी राजवट संपली. आज डर्बनच्या एका गोल्फ मैदानाला त्याचे नाव आहे.

एवढे सांगून मी डर्बनच्या गोऱ्यांवर तोंडसुख घेणार, तोच मला पुण्याचे पाळवणकर बाळू आठवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे हे गोलंदाज. पुण्याच्या क्लबात मैदानावर त्यांचा चेंडू सर्वांना चाले. पण चहा मात्र त्यांना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे. तो अपमान करायला समुद्रापलीकडून कोणी आले नव्हते. पुणेकरच होते.

आणि पुणे तरी कशाला? माझ्या लहानपणी आमच्या घरी मागच्या दारातल्या कोनाड्यात कान तुटलेली एक कपबशी असे. अंगण झाडायला येणाऱ्या सखूबाईंना चहा त्यातूनच. त्या तो पायरीवर बसून पीत. श्रावणात पागोळ्या गळत, तेव्हा पदर डोक्यावर ओढून घेत. "आत या" असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. मीही म्हटले नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. म्हणण्याइतका मोठा खासच होतो.

हे वाचून दाखवले तेव्हा सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा एक स्टीलचा पेला खिडकीच्या गजाशी वेगळा ठेवलेला असतो. कधीपासून, ते आम्हां दोघांनाही सांगता येणार नाही. तो त्यांनी उचलला, धुतला आणि मांडणीत आमच्या पेल्यांच्या रांगेत पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी मावशींना आपला पेला काही केल्या ओळखता येईना.

"कोणताही घ्या," सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि तिथे नको, इथे खुर्चीवर बसा. चकली कशी झाली आहे, ते सांगा."