आधी गिळणं तपासा

पुणे-बंगळुरू महामार्गावर शिरवळ ते पेठ नाका या टापूत डोक्याला मार लागलेला माणूस कराडला, साताऱ्याला किंवा मिरजेला पोचतो. बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहतो, गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवतात आणि जीव वाचतो. इथल्या डॉक्टरांची ही मोठी कमाई आहे. पुढचा धोका घरी सुरू होतो. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, ‘दोन घोट पाणी तरी पाजा.’ आई चमच्याने पेज भरवते, ठसका लागत नाही, घरच्यांना हायसं वाटतं. थोड्या वेळाने सक्शन करायला, म्हणजे नळीतला कफ यंत्राने ओढून काढायला घ्यावं, तर तीच पेज गळ्यातल्या नळीतून वर येते.

ठसका लागला नाही, याचीच खरी धास्ती वाटायला हवी. घोट घेताना स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात आणि त्यांच्याखाली हवेचा दाब तयार होतो. गळ्यातली नळी उघडी असली की तो दाब तिच्यावाटे निघून जातो, खोकल्यातही जोर राहत नाही. त्यात मेंदूला मार किंवा पक्षाघात असेल, तर घशाची जाणीवच बोथट झालेली असते. मग अन्न मुकाट फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनियाने माणूस पुन्हा दवाखान्यात येतो. श्वासनलिकेत नळीभोवती असणारा फुगा फुगवलेला आहे म्हणून निर्धास्त राहणंही चूक. फुग्यावर अडकलेला घास स्वरतंतू ओलांडून आधीच खाली आलेला असतो.

म्हणून सरसकट तोंड बंद ठेवणं हाही उपाय नव्हे. नळी असूनही कित्येकांना नीट गिळता येतं, कारण दोष पुष्कळदा नळीपेक्षा मूळ दुखण्याचा असतो. अशा माणसाला महिनोन्महिने नाकातून अन्न देणाऱ्या नळीवर ठेवणं हा अन्यायच. कोणाला जमेल हे अंदाजाने ठरत नाही. जिभेवर निळा रंग टाकून तो सक्शनमध्ये उतरतो का, हे पाहण्याची युक्ती १९७३ पासूनची. पण रंग दिसला नाही म्हणून खात्री देता येत नाही. नाकातून दुर्बीण घालून गिळणं प्रत्यक्ष पाहण्याची पद्धत १९८८ साली मांडली गेली. त्यासाठी लागणारी दुर्बीण कान-नाक-घसा विभागाच्या रोजच्या वापरातली आहे. तिच्या जोडीला गिळण्याचं शिक्षण घेतलेला स्पीच थेरपिस्ट हवा, आणि ते पद भरलेलं हवं.

मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचं, साताऱ्याचं अगदी अलीकडचं, कराडला कृष्णा रुग्णालय. या तिघांनी एवढं ठरवावं: गळ्यात नळी असलेला रुग्ण गिळणं तपासल्याशिवाय घरी सोडायचा नाही. तोंडाने काय द्यायचं, किती दाट, कसं बसवून, हे डिस्चार्ज कार्डावर स्वच्छ मराठीत लिहून द्यायचं. नातेवाइकांनीही तो कागद हक्काने मागून घ्यावा. हातात पडेपर्यंत पाण्याचा चमचाही तोंडाला लावू नये.