‘जुनंच वाजवा!’

आमच्याकडे महाड-पोलादपुरात वरातीपुढे बेंजो पार्टी वाजू लागली की गर्दीतून एक आरोळी हमखास येते, ‘जुनंच वाजवा!’ वाजवणाऱ्यांचे केस पिकलेले असले तर ती जरा अधिकच जोरात. मला ही फर्माईश आवडत नाही. म्हाताऱ्यांनी आपल्या तारुण्याची राखण करावी, नवं काही करू नये, असा प्रेमळ हुकूम तिच्यात दडलेला असतो.

आठवण झाली ती हार्ड रॉकमुळे. दचकू नका! दिवसभर बँकेत रासायनिक कारखान्यांची कर्जखाती तपासणाऱ्या माणसालाही संध्याकाळी कानठळ्या हव्याशा वाटू शकतात. मुंबईचं ‘रॉक मशीन’ १९८४ साली उभं राहिलं. विलायती गाण्यांच्या नकला करण्याच्या त्या काळात या मुलांनी स्वतःची गाणी रचली. १९८८ आणि १९९० साली त्यांचे अल्बम आले. १९९३ साली ‘इंडस क्रीड’ असं नवं नाव घेतलं, १९९५ साली त्या नावाचा अल्बम काढला, आणि १९९७ साली सगळे पांगले.

२०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. जुनी गाणी वाजवून सहज भागलं असतं. पण दोन तरुण साथीदार घेऊन त्यांनी २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ काढला, सगळा नव्या गाण्यांचा. परदेशात ‘ब्लॅक कंट्री कम्युनियन’ही तेच करतं. डीप पर्पलमध्ये गायलेला ग्लेन ह्यूज, लेड झेपेलिनच्या ड्रमरचा मुलगा जेसन बॉनम, अशी नाव कमावलेली मंडळी. २०१० साली पहिला अल्बम, २०२४ साली पाचवा. तोवर ह्यूजने सत्तरी ओलांडली होती.

अशा अल्बमांतलं सगळंच उत्तम असतं असं नाही. हात इतका बसलेला असतो की कधी कधी गाणं नुसतं घासूनपुसून लखलखीत भांडं होतं, आत आमटी नाही. तरी ते निघायला हवेत. आमच्या औद्योगिक वसाहतीत निवृत्त फिटरला बोलावतात ते आजचा पंप का कुरकुरतो हे ऐकायला. त्याला १९८५ च्या पंपाच्या गोष्टी कोणी विचारत नाही. कलावंताला मात्र शाल, श्रीफळ आणि जुनी फर्माईश. ‘पहिल्या कादंबरीसारखं लिहा’ असं वाचक मलाही सांगतात. पहिली कादंबरी दुकानात मिळते की!

मला विचाराल तर तिनईकरांची गिटार १९८८ पेक्षा २०१२ साली अधिक समजूतदार वाजते. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकून बघा. आवाज मोठा ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून.