हुंकार देणारा हवा

गाण्याच्या कार्यक्रमाहून परतणारी माणसे चेहऱ्यावरून ओळखता येतात. कुणी रिक्षात बसेपर्यंत गुणगुणत असतो, तर कुणी घराचे कुलूप काढेपर्यंत तिकिटाच्या पैशांचा हिशेब करीत असतो. पहिल्याला तो कार्यक्रम वीस वर्षांनीही आठवतो आणि दुसऱ्यालाही आठवतो. फरक इतकाच, की एक जण सांगताना खुलतो आणि दुसरा चिडतो. कार्यक्रम रंगला की आपण सारे श्रेय कलावंताला देतो आणि फसला की सारे खापरही त्याच्याच माथी फोडतो. पण एखादी मैफल कशाने रंगते आणि कशाने विरस करते, याचे उत्तर एवढे सोपे नाही. ते शोधण्यासाठी पोलादाच्या एका गावाकडे वळावे लागेल.

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दुर्ग ओलांडले की भिलाई लागते. १९५५ साली सोविएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भातशेतीच्या मुलखात एक नवे शहर उभे राहिले. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे पोटापाण्यासाठी आली. बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी आणि अर्थातच मराठी कुटुंबे एकाच वसाहतीत शेजारी झाली. पाळी संपवून आलेल्या या माणसांना संध्याकाळी एकत्र बसवणारे जे काही होते, त्यात नाटक आणि गाणेबजावणे फार मोठे होते.

अशा गावाने देशाला कलावंत दिले नसते तरच नवल. सतारवादक बुधादित्य मुखर्जी हे भिलाईच्याच घरातले. वडील बिमलेंदू मुखर्जी पोलाद कारखान्यात अधिकारी आणि स्वतः उत्तम सतारिये. मुलानेही धातुशास्त्रातली अभियांत्रिकी पदवी घेतली, पण हातातली सतार सोडली नाही. १९९० साली लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यांचे वादन झाले. परंतु भिलाईचे नाव गाण्याच्या जगात सर्वदूर नेले ते मात्र शाळेचा उंबरठाही न ओलांडलेल्या एका बाईने. तिचे नाव तीजनबाई.

दहा रुपयांची बिदागी

भिलाईजवळच्या गनियारी गावात १९५६ साली पारधी समाजाच्या एका गरीब घरात तीजनचा जन्म झाला. तिचे आजोबा ब्रिजलाल पारधी महाभारताच्या कथा गाऊन सांगत. ऐकता ऐकता पोरीला त्या पाठ झाल्या. छत्तीसगढमध्ये या गायनाला पंडवानी म्हणतात. पंडवानी म्हणजे पांडवांची कहाणी. उमेदसिंह देशमुख यांनी तिला काही काळ शिकवले आणि वयाच्या तेराव्या वर्षी दुर्गजवळच्या चंद्रखुरी गावात तिने पहिला जाहीर कार्यक्रम केला. बिदागी मिळाली दहा रुपये.

त्या दहा रुपयांची किंमत मात्र तिला फार मोठी मोजावी लागली. पंडवानीच्या दोन शैली आहेत. वेदमती शैलीत गायक बसून, ग्रंथाच्या आधाराने कथा गातो. कापालिक शैलीत कथा गायकाच्या डोक्यात असते. तो उभा राहतो, फिरतो, गरजतो, नाचतो आणि प्रसंग जिवंत करतो. बायकांनी गायचेच तर बसून गावे, असा रिवाज होता. तीजन उभी राहिली. बाराव्या वर्षी लग्न झालेल्या पोरीने चारचौघांत असे उभे राहून गावे, हे समाजाला मानवले नाही. तिला वाळीत टाकण्यात आले. तिने स्वतःच एक झोपडी उभारली, शेजारपाजारच्यांकडून भांडीकुंडी आणि दाणागोटा मागून आणला आणि एकटी राहिली. गाणे मात्र सोडले नाही.

रायपूरचेच असलेले नाटककार हबीब तनवीर यांनी तिची ताकद ओळखली आणि ती मोठ्या रंगमंचावर आली. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधींसमोर तिचे गायन झाले. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या मालिकेतून ती घरोघर पोहोचली. भिलाईच्या पोलाद कारखान्याने तिला नोकरी दिली. १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण, असा हा प्रवास झाला. इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी, तुर्कस्तान अशा देशांत, जिथे छत्तीसगढीचा एक शब्दही कुणाला कळत नव्हता, तिथेही तिने प्रेक्षकांना जागेवर खिळवून ठेवले.

तिच्या हाती असते काय? एका हातात मोरपिसे लावलेला तंबुरा आणि दुसऱ्या हातात करताल. बस्स! पण हाच तंबुरा खांद्यावर गेला की भीमाची गदा होतो, आडवा धरला की अर्जुनाचे धनुष्य होतो आणि बघता बघता द्रौपदीचे मोकळे केसही होतो. दुःशासनवधाचा प्रसंग हा तिचा हुकमी एक्का. द्रौपदीच्या अपमानाचा सूड जेव्हा भीमाच्या तोंडून गर्जतो, तेव्हा गाणारी बाई आहे की भीम, हे कळेनासे होते.

मागे बसलेला माणूस

मात्र तीजनबाईचा कार्यक्रम पाहणाऱ्याने आणखी एका माणसाकडे लक्ष द्यायला हवे. हार्मोनियम, तबला, ढोलक वाजवणाऱ्यांच्या जोडीला एक साथीदार असतो. त्याला 'रागी' म्हणतात. तो ओळ उचलून धरतो, मध्येच विचारतो, 'मग पुढे काय झाले?', आश्चर्य दाखवतो, हसतो, आणि प्रत्येक वाक्यामागे हुंकार भरतो. कथा सर्वांना ठाऊक आहे, शेवट ठाऊक आहे. तरी त्या माणसाच्या 'हो, हो'मुळे ती पुन्हा नवी होते. रागी म्हणजे खरे तर रंगमंचावर बसवलेला श्रोताच.

मराठी वाचकाला हे नवे वाटायचे कारण नाही. शाहीर पोवाडा गातो तेव्हा मागचे झीलकरी 'जी जी' म्हणत त्याला उचलून धरतात. कीर्तनात बुवांनी गजर सांगितला आणि समोरून टाळी आली नाही, तर बुवांचा आवाज आपोआप खाली येतो. आणि रात्री गोष्ट सांगणारी आजी तरी काय करते? 'हूं म्हण, नाहीतर मी थांबले,' असे तिने दटावलेले अनेकांना आठवत असेल. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. मैफलीचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

कात्री लागते तेव्हा

गावात पंडवानी बसते तेव्हा घाई नसते. कथा रात्र रात्र चालते, एका रात्रीत संपली नाही तर दुसऱ्या रात्री पुढे सुरू होते. गायकाला श्रोत्यांचा अंदाज घ्यायला वेळ मिळतो, श्रोत्यांना कथेत शिरायला वेळ मिळतो. शहरातल्या महोत्सवात मात्र लोककलेच्या वाट्याला बहुधा अर्धा-पाऊण तास येतो, आणि त्यातलाही काही वेळ दीपप्रज्वलन, हारतुरे आणि पाहुण्यांची भाषणे खाऊन टाकतात. मग गायक काय करणार? जो प्रसंग हमखास टाळ्या घेतो तोच उचलणार. भीमाची गर्जना राहते. पण ज्या अपमानामुळे ती गर्जना निघते, तो अपमान श्रोत्याच्या मनात मुरायला वेळच उरत नाही. पाहणारा म्हणतो, 'बाईचा आवाज काय जोरदार आहे!' एवढेच घेऊन तो घरी जातो. असा कार्यक्रम फसला असे कुणी म्हणत नाही, पण श्रोता आणि कलावंत दोघांचेही त्यात नुकसान होते.

शास्त्रीय संगीताच्या रसिकांनीही वेळेची ही कात्री अनुभवली आहे. गुरूच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी पहाटेपर्यंत चाले. घोंगड्या, शाली आणि चहाचे थर्मास घेऊन माणसे रात्र काढीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आले. वर्षातले काही ठरावीक दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, इतकेच. आजारी माणसे, लहान मुले आणि परीक्षार्थी यांच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परंतु त्यामुळे उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळेला मैफलीत ऐकण्याची संधी दुर्मीळ झाली, हेही तितकेच खरे. म्हणूनच आता पहाटेच्या मैफली होतात आणि त्यांना गर्दीही होते. वेळ कमी मिळत असेल तर ती निराळ्या तऱ्हेने शोधावी लागते.

पैसे गेले आणि गाणेही गेले

काही कार्यक्रम मात्र सरळसरळ फसतात. १० मे २०१७ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कॅनडाचा गायक जस्टिन बीबर आला. पाच हजारांपासून पंचाहत्तर हजारांपर्यंत तिकिटे होती. मे महिन्याच्या उकाड्यात मुले दुपारपासून रांगेत उभी राहिली आणि बरीचशी गाणी तो मुद्रित आवाजावर नुसते ओठ हलवीत म्हणत होता, अशी तक्रार करीत परतली. हा विरस कलावंताकडून झालेला.

दुसऱ्या प्रकारचा विरस संयोजनामुळे होतो. १० सप्टेंबर २०२३ रोजी चेन्नईत ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम झाला. आधी ठरलेला दिवस पावसाने बुडाला होता. या वेळी गाणे चालू असताना हातात तिकीट असलेली शेकडो कुटुंबे बाहेरच अडकली. वाहतूक खोळंबली, चेंगराचेंगरी झाली, स्त्रियांना त्रास झाला. रहमान यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि ज्यांना आत जाता आले नाही त्यांच्याकडून तिकिटांच्या प्रती मागवल्या. गाणारा थोर असला तरी फाटकावरची व्यवस्था कोलमडली, की त्याचे गाणे श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि याहून भयंकर म्हणजे, २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विद्यापीठात संगीताचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच खुल्या रंगमंदिराच्या दारात चेंगराचेंगरी होऊन चार जण जिवानिशी गेले. मुलाने किंवा मुलीने कार्यक्रमाला जायचा हट्ट धरला, तर 'कोण गाणार आहे?' या प्रश्नाआधी 'बाहेर पडायच्या वाटा किती?' हा प्रश्न विचारणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. मोठ्या मैदानात शिरताच घरच्या सर्वांनी एकमेकांना भेटण्याची एक जागा ठरवून ठेवावी. गर्दी अंगावर येऊ लागली तर रंगमंचाकडे न जाता कडेला सरकावे.

तिकीट काढणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने ग्राहक असतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. कार्यक्रम रद्द झाला, जागा मिळाली नाही किंवा जाहिरातीतले वचन पाळले गेले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यासाठी तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि जाहिरात जपून ठेवली पाहिजे. नुसते चडफडत घरी येण्यापेक्षा हे बरे.

श्रोत्याचा वाटा

कलावंताचा आणि संयोजकाचा हिशेब झाला. आता तिसरा हिशेब श्रोत्याचा. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मोठा कार्यक्रम झाला. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी वाद्ये सुरात लावली आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! सूर लावणे एवढे आवडले असेल तर वादन याहून आवडेल, अशी आशा रविशंकरांनी हसत हसत व्यक्त केली. त्या श्रोत्यांना कळत नव्हते, पण ते ऐकायला तयार होते. म्हणून तो दिवस संगीताच्या इतिहासात राहिला.

आज उलट अनुभव येतो. कळणारे श्रोतेही ऐकायला मोकळे नसतात. समोर गायक आणि मध्ये मोबाइलचा उजळलेला पडदा. चित्रफीत घरी नेली जाते आणि पुन्हा क्वचितच पाहिली जाते. मागच्या रांगेतल्या माणसाचे मात्र समोरचे गाणे जाते. रडणाऱ्या बाळाला बाहेर न नेणे, मध्येच उठून जेवणाची चौकशी करणे, गायिका ख्याल गात असता नाट्यगीताची चिठ्ठी पाठवणे, हे सारे रसभंगाचेच प्रकार. रंगमंचावरच्या माणसाला अंधारातही समोरचे सारे जाणवते. श्रोत्यांचे लक्ष उडाले की त्याची तान आखडते, लक्ष जमले की तोच माणूस ठरवले नव्हते ते गाऊन जातो.

म्हणून मुलांना कार्यक्रमाला नेताना थोडी तयारी करून न्यावे. पंडवानी असेल तर आदल्या रात्री द्रौपदीची गोष्ट सांगावी. सतार असेल तर तिच्या तारा कशा जुळवतात ते दाखवावे. वेळेआधी पोहोचावे, फोन बंद करावा आणि मनापासून आवडले तर दाद द्यायला लाजू नये. गनियारीच्या त्या पोरीला तिच्याच माणसांनी वाळीत टाकले, तेव्हा तिच्या मागे कुणीही नव्हते; पण तिच्या कथेला 'हूं' म्हणणारे चार जण प्रत्येक गावात भेटत गेले आणि त्या हुंकारावर ती पद्मविभूषणापर्यंत पोहोचली. गाणे गळ्यातून निघते हे खरे, पण ते टिकते समोरच्या कानांत.