खाडा आणि स्वमग्न मूल

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील गावे रिकामी होऊ लागतात. गेवराई, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ट्रक व ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायकोचा ‘कोयता’ पाच-सहा महिने उसाच्या फडात राबतो. त्यांच्यामागोमाग मुलेही जातात. त्यांतले एखादे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, इतर मुलांत मिसळत नाही, तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, किंवा ऐकलेला एकच शब्द दिवसभर घोळवीत बसते. अशा मुलाची परीक्षा कोणी, केव्हा व कोठे करावयाची, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्वमग्नता ही काही नवी व्याधी नव्हे. किंबहुना तिला व्याधी म्हणणेच चुकीचे आहे. 1943 साली बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे दोन दशके पाश्चात्त्य विद्वानांनी आईच्या थंड वागणुकीवर तिचे खापर फोडले. 1964 साली बर्नार्ड रिमलंड यांनी या कल्पनेचे खंडन केले. स्वतः मानसशास्त्रज्ञ असलेल्या रिमलंड यांचा मुलगाही स्वमग्न होता. मेंदूची घडण जन्मापूर्वीपासूनच निराळ्या वाटेने होते आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आता सर्वमान्य आहे. तथापि आईवरचा आरोप अजून मागे घेतला गेलेला नाही. खेड्यात तिला ग्रहण न पाळल्याचा जाब विचारतात; शहरातील सुशिक्षित घरांत मुलाच्या हाती मोबाइल दिल्याचा. भाषा वेगळी, अन्याय तोच.

कायद्याने या मुलांना ओळखण्यास उशीर केला, पण ओळखले. 1995 च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. 2009 साली सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने घडविलेली 40 कलमांची भारतीय मापनश्रेणी उपलब्ध झाली, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत स्वमग्नतेला स्थान मिळाले. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावी, आणि शंका येईल त्या मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. कागदावर पाहू गेल्यास दोष काढण्यास जागा थोडीच.

दोष आहे तो पंचांगाचा. सरकारी तपासणी गावातील अंगणवाडीच्या हजेरीपटावर चालते आणि बीडमधील हजारो मुले अर्धे वर्ष त्या पटावर नुसती नावापुरती असतात. शिवाय स्वमग्नतेचे निदान एका रक्तचाचणीने होत नाही. मूल कसे खेळते, काय मागते, कशाने बिथरते, हे पाहावे लागते. श्रवण तपासावे लागते. आईवडिलांशी सावकाश बोलावे लागते. त्यासाठी दोन-चार फेऱ्या होतात. आष्टी किंवा परळीहून बीडची एक फेरी म्हणजे घरातील एका माणसाचा एक दिवस बुडाला. आणि फडावरून परत येणे म्हणजे ‘खाडा’. 2019 साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली, तेव्हा हा शब्द शहरी वाचकांस कळला. खाड्याचा दंड चुकविण्यासाठी जेथे स्त्रीला स्वतःच्या शरीराची हेळसांड करावी लागते, तेथे मुलाच्या न बोलण्यासाठी ती कोणता दिवस काढणार?

ज्या गावांत पिण्याच्या पाण्याची ददात आहे तेथे असली सूक्ष्म चिकित्सा ही चैन आहे, असे कोणी म्हणतील. आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाही. अशा मुलाला हंगामी वसतिगृहात ठेवता येत नाही आणि फडावर मोकळे सोडता येत नाही. कारण ते भीती न जाणता उसाच्या गाड्यांपुढे किंवा विहिरीकडे जाऊ शकते. मग त्याला सांभाळण्यासाठी थोरल्या बहिणीची शाळा सुटते. एका मुलाचे निदान राहिले की दोन मुलांचे शिक्षण बुडते, हा हिशेब चैनीचा नव्हे.

तज्ज्ञ नाहीत, ही दुसरी सबब. ती खरी आहे, पण पुरती नाही. गोव्यात व पाकिस्तानातील रावळपिंडीत 65 मुलांच्या कुटुंबांसह झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाच्या कलाने त्याच्याशी संवाद साधण्यास शिकविले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलेही आपण होऊन अधिक वेळा संवाद साधू लागली. हा चमत्कार नव्हता. परंतु आशा व अंगणवाडी सेविकांच्या जिल्ह्यात त्याचा अर्थ उघड आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ऊसतोड गावांतील तपासणी श्रावण-भाद्रपदात, टोळ्या निघण्यापूर्वी पुरी करावी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात आणि बीडच्या जिल्हा रुग्णालयात निदान, श्रवणचाचणी व प्रमाणपत्राचे काम एकाच ठरलेल्या दिवशी व्हावे. मुलाची नोंद त्याच्याबरोबर कारखान्याच्या जिल्ह्यात जावी आणि तेथील पथकाने फडावर जाऊन पाठपुरावा करावा. प्रवासखर्च व बुडालेली मजुरी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने भरून द्यावी. केंद्रात मानसतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ व विशेष शिक्षक यांच्या किती जागा मंजूर आहेत व किती भरल्या आहेत, हे जिल्हा प्रशासनाने दर तिमाहीस जाहीर करावे.

यांतील एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही. कारखान्याला ऊस केव्हा हवा, हे शासनाला नेमके ठाऊक असते आणि गाळपाची तारीख वेळेवर ठरते. तीच तत्परता तपासणीच्या तारखेस दाखविली जावी. ऊस फडात उभा राहून वाळला तर त्याची चर्चा विधानसभेत होते. मुलाची शिकण्याची वर्षे वाळून गेली तर त्याचा पंचनामा कोणी करीत नाही. यंदाच्या टोळ्या निघण्यापूर्वी तो पायंडा मोडला पाहिजे.