उमऱ्याला जाताना दुकान मोबाईलमध्ये अडकवू नका

व्यापारी बांधवांनो, १९९५ साली देशात मोबाईल आला, तेव्हा आम्ही जालन्याचे कापडवाले एसटीडी बूथवरूनच सुरतचे भाव विचारायचो. उमऱ्याला गेलेल्या माणसाची खुशाली उशिरा कळायची, पण दुकान थांबत नसे. चेकवर भावाची सही चालायची.

आज उलटे झाले आहे. बँकेचा ओटीपी मालकाच्याच मोबाईलवर येतो. गेल्या रमजानमध्ये जेद्दाहला उतरताच आम्ही चार पैसे वाचवायला इथले सिम काढून तिथले घातले. व्हॉट्सॲपवर घरची खुशाली कळत होती, पण ओटीपी येईना. ऐन ईदच्या हंगामात सुरतच्या गाठींचे पैसे तीन दिवस अडकले. चूक आमचीच.

म्हणून सांगतो, दोन सिमचा फोन न्या. जुन्या सिमचे रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू करून घ्या, त्यावरचा डेटा मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल अंगावर येईल. ओटीपी कोणालाही सांगू नका. त्यापेक्षा मुलाला किंवा भावाला बँकेत रीतसर सहीचा अधिकार देऊन त्याचा मोबाईल नोंदवा. घरच्यांवर विश्वास टाकला, तरच तिकडे इबादतीत मन लागते.